नागरिक कोण? अथेन्स, रोम आणि आमचं कुंडल

तुमच्या प्रश्नाचे तीन तुकडे आहेत. नागरिकत्व म्हणजे नुसता कागद का? ग्रीक-रोमन काळापासून त्याचा अर्थ कसा बदलत आला? आणि चांगला माणूस व चांगला नागरिक ही एकच गोष्ट का? शेवटचा तुकडा सगळ्यात अवघड आहे, म्हणून तो शेवटीच घेतो.

पहिल्याचं उत्तर मी रोज खिडकीतून देतो. राज्यशास्त्रात एम. ए. केलं, काही वर्षं सेट-नेटच्या नादात गेली आणि आता सांगली जिल्ह्यातल्या पलूस तालुक्यात सेवा केंद्र चालवतो. निकाल लागला की पोरं 'वय, राष्ट्रीयत्व व अधिवास' दाखल्यासाठी येतात. गावात त्याला नुसतं डोमिसाईल म्हणतात. सोबत आलेला बाप हमखास विचारतो, "आधार हाय की दादा, आता भारतीय असल्याचा आणि येगळा दाखला कशाला?" त्याला सांगावं लागतं की आधार हा रहिवाशाला मिळतो, नागरिकाला नव्हे. २०१६ च्या आधार कायद्याच्या नवव्या कलमातच म्हटलंय की आधार क्रमांक हा नागरिकत्वाचा पुरावा नाही.

मग पुरावा काय? १९५५ च्या नागरिकत्व कायद्यात आज जन्माचे तीन काळ पडतात. २६ जानेवारी १९५० ते ३० जून १९८७ या काळात भारतात जन्मलेला माणूस, राजदूतांच्या मुलांसारखे अपवाद सोडले तर, जन्मानेच नागरिक. १ जुलै १९८७ पासून आई किंवा बाप यांपैकी एक जण नागरिक असावा लागतो. ३ डिसेंबर २००४ पासून दोघेही नागरिक, किंवा एक नागरिक आणि दुसरा बेकायदा घुसलेला नसावा. म्हणजे आज अकरावीत जाणाऱ्या पोराचं नागरिकत्व आईबापाच्या कागदावर टेकलेलं आहे. आणि आमच्याकडच्या आईबापांचे कागद बघा: बाप १ जून, आई १ जून, चुलताही १ जून! शाळेत घालताना गुरुजींनी जी तारीख टाकली तीच आयुष्यभराची. कागदावर फार भिस्त ठेवणाऱ्यांनी एकदा आमच्या फायली चाळाव्यात.

हा झाला कायदा. तुम्ही विचारलाय तो अर्थ, आणि तो शोधायला अथेन्सला जावंच लागतं.

ॲरिस्टॉटल राज्यशास्त्रावरच्या आपल्या ग्रंथाच्या तिसऱ्या भागात एकेक सोपं उत्तर खोडत जातो. एखाद्या नगरात राहतो म्हणून माणूस नागरिक होत नाही. परके आणि गुलामही तिथेच राहतात. कोर्टात दावा लावता येतो म्हणूनही नाही. तह असेल तर परक्यालाही तो लावता येतो. मग नागरिक कोण? जो न्याय देण्यात आणि अधिकार चालवण्यात वाटेकरी आहे तो. आळीपाळीने हुकूम द्यायचा आणि हुकूम पाळायचा, हे ज्याला जमतं तो. गंमत म्हणजे हे लिहिणारा ॲरिस्टॉटल स्वतः अथेन्सचा नागरिक नव्हता. तो स्टॅगिराचा. अथेन्समध्ये आयुष्याची इतकी वर्षं काढली, शाळा चालवली, पण सभेत हात वर करायचा अधिकार त्याला नव्हता. इसवीसनपूर्व ४५१ मध्ये अथेन्सचा पुढारी पेरिक्लीस याने नियम केला होता की आई आणि बाप दोघेही अथेन्सचे असले तरच मूल नागरिक. आपला २००४ चा नियम वाचताना मला दर वेळी पेरिक्लीस आठवतो.

त्या नागरिकांचं काम केवढं होतं ते बघा. दर वर्षी तिशीच्या वरच्या ६,००० पुरुषांची नावं चिठ्ठ्या टाकून काढायची आणि त्यांच्यातून न्यायमंडळं बसवायची. वकील नाही, पगारी न्यायाधीश नाही. शेतकरी, चांभार, कुंभार बसून निकाल देणार. बायका आणि गुलाम या सगळ्याच्या बाहेर, हे विसरायचं नाही; घर, शेत आणि खाण ते सांभाळत होते म्हणून बाकीच्यांना सभेला सवड मिळत होती.

आणि तरीही लोक सभेला येत नसत. हे वाचलं तेव्हा मला फार बरं वाटलं. त्या काळच्या विनोदी नाटकात उल्लेख आहे की बाजारात गप्पा छाटत बसलेल्यांना लाल रंगात भिजवलेला दोर दोन्हीकडून धरून सभेकडे हाकलायचे. ज्याच्या कपड्याला रंग लागला तो टाळाटाळ करणारा. पुढे तर सभेला हजर राहिल्याचे पैसे द्यायला लागले.

आमच्याकडे दोर नाही, रजिस्टर आहे. ग्रामसभेची गणपूर्ती म्हणजे गावच्या मतदारांपैकी पंधरा टक्के किंवा शंभर, जे कमी असेल ते. गावाचं नाव सांगत नाही. झेंडावंदन झालं की पोरं बुंदी घेऊन पळतात, मोठी माणसं चहाला, आणि मांडवात उरतात सरपंच, ग्रामसेवक, दोन सदस्य आणि ज्यांच्या घरकुलाचं नाव यादीत अडकलंय ती चार माणसं. सभा तहकूब. तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही, हे सगळ्यांना पाठ. मग शिपाई रजिस्टर काखेत मारून पारावर जातो, तिथून दूध डेअरीवर, तिथून सोसायटीत. "सही करा की आण्णा." आण्णा विषय काय ते न विचारता सही करतात. बायकांची ग्रामसभा आदल्या दिवशी घ्यायची असते. तिच्या सह्या घरात जाऊन होतात. ॲरिस्टॉटलच्या हिशेबाने आमच्या गावात त्या दिवशी फार तर दहा नागरिक होते, बाकी सगळे रहिवासी.

रोमकडे वळलं की अर्थच पालटतो. रोमन नागरिकाला राज्य चालवायला मिळेल असं नाही. मताचा हक्क नसलेलं नागरिकत्वही रोम वाटत असे. पण त्याला एक कवच होतं. चौकशी आणि खटला न करता त्याला फटके मारता येत नसत, क्रुसावर चढवता येत नसे. इसवीसनपूर्व ७० मध्ये सिसेरो या रोमन वकिलाने सिसिलीचा माजी सुभेदार व्हेरीस याच्यावर खटला चालवला. त्यातली एक हकिगत अशी की गेवियस नावाच्या माणसाला मेस्साना शहरात भर चौकात फटके मारले जात होते, आणि प्रत्येक फटक्याला तो ओरडत होता की मी रोमन नागरिक आहे. व्हेरीसने त्याला क्रुसावर चढवला, आणि क्रूस मुद्दाम इटलीच्या किनाऱ्याकडे तोंड करून उभा केला. सिसेरोची भाषणं जरा वाढवून-चढवून असायची, हे धरून चाला. पण त्याला ठाऊक होतं की वाचणाऱ्यांच्या अंगावर काटा येणार तो याच गोष्टीने. व्हेरीस निकालाआधीच मार्सेलीकडे पळाला.

नंतर इसवीसन २१२ मध्ये सम्राट कॅराकॅलाने साम्राज्यातल्या, गुलाम नसलेल्या, जवळजवळ सगळ्या माणसांना एका फर्मानाने नागरिक करून टाकलं. कॅसियस डिओ हा त्या काळचाच इतिहासकार सरळ म्हणतो की कराचं उत्पन्न वाढावं म्हणून केलं. नागरिकत्व सगळ्यांना मिळालं आणि त्याची किंमत उतरली. मग 'प्रतिष्ठित' आणि 'सामान्य' अशी नवी विभागणी पुढे आली, आणि फटके कोणाला मारायचे ते तिच्यावरून ठरू लागलं.

म्हणजे दोन धागे झाले. एक, राज्य चालवण्यातला वाटा. दुसरा, राज्यापासून संरक्षण. पुढची बरीचशी युरोपीय चर्चा याच दोन धाग्यांच्या विणीत अडकलेली आहे. फ्रान्सने १७८९ मध्ये माणसाच्या आणि नागरिकाच्या हक्कांचा जाहीरनामा काढला आणि १७९१ च्या घटनेत लगेच 'सक्रिय' व 'निष्क्रिय' नागरिक असे दोन वर्ग पाडले. तीन दिवसांच्या मजुरीइतका कर भरणारा पुरुष तेवढा सक्रिय. ऑलँप द गूज या बाईने त्याच वर्षी बायकांच्या हक्कांचा वेगळा जाहीरनामा लिहिला. १७९३ मध्ये तिला गिलोटिनवर चढवलं. तिथल्या बायकांना मत मिळालं १९४४ मध्ये. फ्रान्सबद्दल एवढं पुरे, कारण मला आमच्या भागाकडे यायचंय.

१९४० च्या आसपास सांगलीहून सायकल मारत कुंडलला निघालेला माणूस डोळ्यांपुढे आणा. सांगलीत तो पटवर्धनांच्या संस्थानात. बुधगावात आला की धाकट्या पातीच्या मिरज संस्थानात. तासगावला पोचला की खालसा मुलखात, म्हणजे इंग्रजांच्या सातारा जिल्ह्यात. आणि कुंडलला शिरला की औंधच्या पंतप्रतिनिधींच्या राज्यात. एका दिवसात चार हद्दी. तासगावचा माणूस ब्रिटिश प्रजाजन. सांगली-कुंडलचा तोही नाही; तो संस्थानिकाची प्रजा आणि इंग्रजांच्या लेखी 'संरक्षित व्यक्ती'. नागरिक यातला कोणीच नाही. मताचं म्हणाल तर १९३५ च्या कायद्याने खालसा प्रांतांत सगळे मिळून सुमारे ३ कोटी मतदार होते, तेही जमीनमहसूल, कर किंवा शिक्षणाच्या अटीवर.

आणि याच मुलखात, नागरिकत्वाचा कागद यायच्या आधी, ॲरिस्टॉटलच्या अर्थाचं नागरिकत्व दोनदा उगवलं. एकदा वरून. सूर्यनमस्कारासाठी प्रसिद्ध असलेले औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी १९३८ च्या नोव्हेंबरात जाहीर केलं की सत्ता लोकांकडे देतो. त्यांचे चिरंजीव अप्पा पंत, पोलंडहून आलेले मॉरिस फ्रीडमन आणि सल्ल्याला गांधीजी, अशी ती मसलत. १९३९ च्या जानेवारीत घटना लागू झाली आणि गावचा कारभार गावपंचायतींकडे गेला. राजाने आपणहून प्रजेला नागरिक करायचं, हे जगात फार ठिकाणी सापडत नाही.

दुसऱ्यांदा खालून. बेचाळीसच्या चळवळीनंतर क्रांतिसिंह नाना पाटलांच्या नावाने १९४३ पासून जे प्रतिसरकार चाललं, त्यात बंदुका आणि खजिन्याची लूट यांच्या गोष्टी जास्त सांगितल्या जातात. कुंडलच्या जी. डी. बापू लाडांची तुफान सेना, शेणोलीजवळ लुटलेली रेल्वे, १९४४ चा धुळ्याचा खजिना. मला त्यातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते न्यायदान मंडळ. बांधाचं भांडण, सावकाराने दाबलेली जमीन, नांदवत नसलेली सून, हे सगळं गावातच, गावच्या माणसांपुढे. कोर्टाच्या पायऱ्या झिजवणं नाही. लग्नं गांधी पद्धतीने, चार आण्यांच्या हाराफुलांत. अथेन्सच्या न्यायमंडळाला शोभावं असं ते काम, आणि करणारे कोण तर ज्यांना कायद्याने मतसुद्धा नव्हतं असे लोक.

इथे आमच्याकडचे जाणते थांबतात आणि छाती फुगवतात. मी थोडा पुढे जातो. त्या न्यायात वकील नव्हता आणि अपील नव्हतं. गुन्हेगार ठरवलेल्या माणसाच्या तळपायांवर काठ्या पडत, तेव्हा त्याने कुठे दाद मागायची? दरोडेखोर आणि सावकारी गुंड यांना चाप बसला हे खरंच. पण गेवियसचं कवच तिथे नव्हतं. वाटा होता, संरक्षण नव्हतं. आज आमच्या गावात उलट आहे. उच्च न्यायालयापर्यंत जायची वाट कागदावर आहे, आणि ग्रामसभेचं रजिस्टर पारावर फिरतंय.

एवढ्यावर उत्तर संपलं असतं, जर सातारा जिल्ह्यातलं मसूर स्टेशन नसतं.

१९०१ सालची गोष्ट. साताऱ्यात राहणारा नऊ-दहा वर्षांचा भीमराव, थोरला भाऊ आणि बहिणीची मुलं, वडिलांना भेटायला गोरेगावला निघाली. वडील सुभेदार रामजी तिथे तलावाच्या कामावर खजिनदार होते. मुलं मसूरला उतरली. अंगावर नवे इस्त्रीचे कपडे, डोक्याला जरीच्या टोप्या. घ्यायला कोणी आलं नाही. स्टेशन मास्तरने आपुलकीने चौकशी केली, महार आहोत हे कळताच त्याचा चेहरा पालटला आणि तो आपल्या खोलीत निघून गेला. गाडीवान मिळेना. शेवटी दुप्पट भाड्यावर एक तयार झाला, तो या अटीवर की गाडी मुलांनी हाकायची आणि तो शेजारून चालणार. शिदोरी होती, पाणी नव्हतं. रात्री टोलनाक्यावर मुलांनी मुसलमान असल्याचं सांगून पाणी मागितलं, तेही मिळालं नाही. जेवणाचा डबा तसाच राहिला.

आता या मुलांचा दर्जा काय होता? बाप इंग्रजी लष्करातला निवृत्त सुभेदार. तिकीट काढून आलेले ब्रिटिश प्रजाजन. सरकारने त्यांच्यावर काहीच अन्याय केला नाही, फटके मारले नाहीत, रेल्वेत चढू दिलं. अन्याय गाडीवानाने केला, नाकेवाल्याने केला. ॲरिस्टॉटलची व्याख्या इथे काही बोलत नाही, सिसेरोचं कवचही नाही, कारण दोघांच्याही डोक्यात माणूस आणि राज्य एवढंच नातं आहे. माणूस आणि शेजारचा माणूस यांच्यातलं नातं त्यांनी गृहीत धरलेलं. बाबासाहेबांनी पुढे या आठवणी लिहिल्या त्यांचं शीर्षक 'व्हिसाच्या प्रतीक्षेत' अशा अर्थाचं आहे. स्वतःच्याच देशात परवान्यासाठी खोळंबलेला माणूस! नागरिकत्वावरची इतकी धारदार टीका मला कुठल्या युरोपीय ग्रंथात सापडलेली नाही.

२० मार्च १९२७ ला महाडला चवदार तळ्याचं पाणी प्यायले, तेही याच नजरेने बघा. मुंबई कायदेमंडळाचा सार्वजनिक पाणवठे खुले करण्याचा ठराव १९२३ मध्येच झाला होता, महाड नगरपालिकेनेही तळं खुलं केलं होतं. कागद पूर्ण होता, ओंजळ भरता येत नव्हती. २५ नोव्हेंबर १९४९ च्या संविधान सभेतल्या भाषणात त्यांनी बजावलं की राजकारणात समता आणि समाजात विषमता अशा विसंगतीच्या जीवनात आपण शिरतो आहोत. दुसऱ्या दिवशी संविधान स्वीकारलं गेलं आणि नागरिकत्वाची मुख्य कलमं त्याच दिवसापासून लागू झाली, बाकीच्या बहुतेक संविधानाने दोन महिने वाट पाहिली. म्हणजे प्रजासत्ताक व्हायच्या आधी नागरिक झाले. उद्देशिकेतला 'बंधुता' हा शब्द लोक शोभेचा समजतात. माझ्या मते नागरिकत्वाचा तिसरा धागा तोच, आणि तो आपल्याकडे कातला गेला.

पहिल्या निवडणुकीच्या यादीत १७ कोटींहून जास्त नावं होती. सुमारे २८ लाख बायकांची नावं मात्र कापावी लागली, कारण त्यांनी स्वतःचं नाव न सांगता अमक्याची बायको, तमक्याची आई एवढंच सांगितलं होतं. अशा नोंदी मुख्यतः उत्तरेकडच्या राज्यांत होत्या. इथे आडवा आला तो कायदा नव्हे, घराचा उंबरठा.

गेल्या वर्षी एक कैकाडी आजी नातवाला घेऊन आली होती. जातीचा दाखला हवा होता. त्यासाठी विमुक्त-भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधीचा इथल्या वास्तव्याचा पुरावा लागतो. मी विचारलं, त्या काळी तुमची माणसं कुठल्या गावाला होती? आजी म्हणाली, "वाटंवर." फॉर्ममध्ये त्याला रकाना नाही. हा जातीच्या दाखल्याचा प्रश्न, नागरिकत्वाचा नव्हे, हे मला कळतं. पण ज्यांना १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याच्या वारशाने जन्मतः गुन्हेगार म्हणून पोलिसांपुढे हजेरी द्यावी लागली, आणि देशभर ज्याचा जाच ३१ ऑगस्ट १९५२ ला संपला, त्यांच्याकडे आपण जुने कागद मागतो. जर्मनीने नागरिकत्व काढून घेतल्यावर १९५१ पर्यंत कुठल्याच देशाची नसलेली विचारवंत हाना आरेंट 'हक्क असण्याचा हक्क' म्हणते, तो त्या दिवशी माझ्या खिडकीत मला नीट समजला. माणूस म्हणून तुम्हाला कितीही हक्क असोत, तुम्ही कोणाचे तरी आहात हे कोणीतरी मान्य केलं नाही तर ते हक्क मागायचे कोणाकडे?

आता तुमचा तिसरा तुकडा. चांगला माणूस आणि चांगला नागरिक एकच का? ॲरिस्टॉटलने हाच प्रश्न त्याच तिसऱ्या भागात घेतला आहे, आणि त्याचं उत्तर आहे: बहुधा नाही. चांगल्या माणसाचा चांगुलपणा सगळीकडे एकच. चांगला नागरिक कोण, हे मात्र तिथली राज्यव्यवस्था ठरवते. व्यवस्था बदलली की मोजमाप बदलतं. दोन्ही जुळतात ते उत्तम राज्यात, आणि तेही राज्य चालवण्याच्या जागी असलेल्या माणसात.

याला सांगलीतलंच उदाहरण देतो. २४ जुलै १९४३ ला वसंतदादा पाटील आणि त्यांचे साथीदार सांगलीचा तुरुंग फोडून बाहेर पडले. पाठलाग झाला, गोळीबार झाला. अण्णासाहेब पत्रावळे आणि बाबुराव जाधव मारले गेले, दादांना गोळी लागली आणि ते पुन्हा पकडले गेले. त्या दिवशीच्या राज्याच्या वहीत ते फरार कैदी होते, आणि त्यांची खबर देणारा माणूस चांगला प्रजाजन. १९७७ मध्ये ते महाराष्ट्राचे मुख्यमंत्री झाले, आणि राज्यातले तुरुंग त्यांच्याच सरकारच्या हाताखाली आले. मधल्या चौतीस वर्षांत माणूस किती बदलला यावर सांगलीत अजून वाद घालता येईल. राज्यघटना बदलली, याबद्दल वाद नाही.